शून्य वॅटची ट्यूब

सरकारी कचेरीत सगळ्यांत कमी वीज कोणता दिवा खातो, असं कुणी विचारलं तर घाईने एलईडी असं उत्तर देऊ नका. बरोबर उत्तर आहे बंद पडलेली ट्यूब. शून्य वॅट. चोक तापत नाही, किडे येत नाहीत, किड्यांमागून पाल येत नाही. टिकाऊपणा म्हणाल तर पेटणारी ट्यूब दोन-चार वर्षांत जाते. गेलेली ट्यूब मात्र पुढची पंधरा वर्षं निर्धास्त.

ही दृष्टी मला दिली आमच्या तालुक्याच्या कचेरीतल्या नाझरभाऊसाहेबांनी. महसूल खात्याशी ज्यांचा संबंध फक्त सातबाऱ्यापुरता आला असेल त्यांच्यासाठी सांगतो, नाझर म्हणजे कचेरीचा घरखर्च चालवणारा माणूस. खुर्च्या, कपाटं, फिनेल, झेंड्याची दोरी, रावसाहेबांच्या केबिनचे पडदे आणि दर महिन्याचं वीजबिल, सगळं त्याच्या टेबलावरून जातं. रावसाहेब म्हणजे तहसीलदार. ते येतात, बदलून जातात. पडदे राहतात.

तर या कचेरीत मध्यंतरी ऊर्जाबचत आली. ती टेम्पोतून आली. टेम्पोत एलईडी ट्यूबांची खोकी, पंख्यांची खोकी आणि नळांची एक गोणी होती. सोबतच्या पोराने चलनावर सही मागितली, तेव्हा ‘आधी मोजून घेतो’ म्हणून नाझरांनी त्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. जाताना तो एक ट्यूब जास्तीची देऊन गेला.

कागदावरचा हिशेब चोख होता. जुनी ट्यूब 40 वॅटची. तिचा तांब्याच्या तारांचा चोक नुसता तापण्यात आणखी 12 ते 15 वॅट घालवतो. म्हणजे धरा 55. एलईडी ट्यूब 18 ते 20 वॅटमध्ये तितकाच उजेड पाडते. एका ट्यूबमागे 35 वॅट वाचले. शंभर ट्यूब, रोजचे आठ तास, वर्षाचे कामाचे अडीचशे दिवस, असा गुणाकार केला की वर्षाला 7000 युनिट वाचतात. हा गुणाकार फलकावर लिहून प्रवेशद्वाराशी लावला होता. त्याच्या उद्घाटनाला चार हॅलोजन लावले होते, तो खर्च गुणाकारात धरायचा नसतो.

आणि बिल आलं ते वाढून.

वरून पत्र आलं. बचत अपेक्षित असताना वाढ कशी झाली, याचा खुलासा सादर करावा. नाझरांनी तो खुलासा वर पाठवण्याआधी मला तोंडी ऐकवला. “जुन्या शंभरांतल्या पेटत होत्या तीस. तीस गुणिले पंचावन्न, झाले साडेसोळाशे वॅट. आता शंभरच्या शंभर पेटतात. शंभर गुणिले वीस, दोन हजार. हे असं लिहून कळवू का? की साहेब, आमच्या सत्तर ट्यूब कित्येक वर्षं बंद होत्या आणि इतके दिवस आम्ही अंधारातच निर्णय घेत होतो?”

ऊर्जा लेखापरीक्षण करणाऱ्यांना हा पेच चांगला ठाऊक असतो. बचत मोजायची म्हणजे आधीचा वापर माहीत हवा. आणि आधी माणसं गैरसोयीत बसलेली असतील तर सुधारणेनंतर वापर वाढतो. त्याला उधळपट्टी म्हणणं बरोबर नाही. ज्या कारकुनाला दुपारी चारनंतर फेरफाराची नोंदवही उचलून खिडकीशी न्यावी लागत होती, त्याला आता जागेवर वाचता येतं. हा खर्च मी तरी बचतीच्याच रकान्यात टाकीन. पण तसा रकाना त्या तक्त्यात नाही.

दिव्याची किंमत हा विषय तर कधीच संपला. ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या सरकारी कंपन्यांनी मिळून 2009 साली ईईएसएल ही कंपनी काढली. तिने घाऊक खरेदी करून एलईडी बल्बचा भाव 2014 मधल्या 310 रुपयांवरून 2016 पर्यंत 38 रुपयांवर आणला. 5 जानेवारी 2015 ला सुरू झालेल्या उजाला योजनेतून 36 कोटींहून जास्त बल्ब देशभर वाटले गेले. एवढं मोठं काम या देशात इतक्या गुपचूप क्वचितच झालं असेल. तेव्हा दिवा स्वस्त झाला. अडचण आहे ती शिडीची.

कचेरीचं छत उंच. शिडी विद्युत उपविभागाकडे. हा उपविभाग सार्वजनिक बांधकाम खात्याचा, पण त्याच खात्याच्या स्थापत्य उपविभागापासून वेगळा. म्हणजे भिंत एका साहेबांची, भिंतीतली वायर दुसऱ्या साहेबांची, वायरमधून येणाऱ्या विजेचं बिल तिसऱ्यांचं, आणि त्या उजेडात बसणारा चौथाच. ट्यूब गेली की चौथा तिसऱ्याला सांगतो, तिसरा दुसऱ्याला लिहितो, दुसरा अंदाजपत्रक करतो, आणि तोवर पहिल्याने भिंतीला रंग काढायचं ठरवल्यामुळे सगळं काम रंगानंतर. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 सालचा, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो 2002 चा. दोघांनीही वॅटचा विचार पुष्कळ केला. शिडीचा कुणी केला नाही.

आता पंख्यांकडे येऊ. पंखा हा कचेरीचा खरा सत्ताधीश. टेबल कुठे ठेवायचं ते पदावरून ठरत नाही, पंख्यावरून ठरतं. जुना पंखा 75 वॅटचा, आणि भिंतीवर त्याचा काळा डबडा रेग्युलेटर. पंखा पाचवरून एकवर आणला की विजेची बचत झाली असं आपल्याला वाटायचं; प्रत्यक्षात वाचलेल्या विजेतली बरीचशी त्या डबड्यात तापून जायची. थंडीच्या दिवसांत त्यावर बोटं शेकणारे एक अव्वल कारकून मी पाहिले आहेत. नवा बीएलडीसी पंखा तेवढाच वारा 28 ते 35 वॅटमध्ये देतो. छताच्या पंख्यांना तारांकन 1 जानेवारी 2023 पासून सक्तीचं झालं. निम्म्याहून कमी वीज, आवाज नाही, आणि सोबत रिमोट.

घात झाला तो रिमोटने.

मोठ्या दालनात आठ पंखे. आठही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. त्यामुळे आठ रिमोट, आणि प्रत्येक रिमोटचं म्हणणं टप्प्यात येणारे सगळे पंखे ऐकतात. पुरवठा शाखेच्या भाऊसाहेबांना उकडलं, त्यांनी पाच दाबला; त्याच क्षणी संजय गांधी निराधार शाखेतले अर्ज उडून कुळकायदा शाखेत गेले. कुळकायद्याने ते आपल्याकडे आवक झाल्याची नोंद केली. निवडणूक शाखेत एका मॅडमना सांधेदुखी. त्यांनी दोन दाबला, तर पुरवठ्याचा वारा गेला. दुपारी जेवणानंतर नुसती टिकटिक चालायची. अर्ज द्यायला आलेली माणसं खाली वाकून कागद गोळा करायला लागायची, तेवढ्यात वारा परत यायचा. पेपरवेट ही वस्तू संगणक आल्यावर मोडीत निघेल असं वाटलं होतं. तिच्या मागणीचा प्रस्ताव त्या महिन्यात नव्याने गेला.

यावर बैठक झाली. आठही रिमोट जमा करून एकच चालू ठेवावा आणि तो वरिष्ठांच्या ताब्यात असावा, असं ठरलं. त्यासाठी नोंदवही घातली. रिमोट कुणी घेतला, किती वाजता, कोणत्या कारणास्तव, परत केल्याची सही. कारणाच्या रकान्यात ‘उकाडा’ असं लिहून लिहून लोक कंटाळले आणि पुढे नुसत्या वरच्याप्रमाणे खुणा करू लागले. मग दिवाळीच्या तोंडावर रिमोटधारक वरिष्ठ तो खिशात घालून गावी गेले, आणि आठ पंखे सुट्टीभर रिकाम्या खुर्च्यांवर वारा घालत राहिले.

भिंतीवरच्या बटणाने पंखा बंद होत नाही का? होतो. पण बटणासमोर कपाट आहे. ते कपाट हलवायचं तर आतली दप्तरं काढावी लागतील, आणि त्यातल्या काहींना हात लावणारा शेवटचा माणूस 1994 मध्ये निवृत्त झाला.

आणि एसी. इथे मला जरा इतिहासात जाऊ द्या, कारण वर्तमानापेक्षा तिथे गारवा आहे. मुंबई महापालिकेची बोरीबंदरसमोरची इमारत 1893 साली पुरी झाली. मुंबईला वीज पुरवणारी बेस्ट कंपनी निघाली 1905 साली. म्हणजे ती इमारत उभी करणाऱ्याला पंखा गृहीत धरताच येत नव्हता. त्या काळातल्या दगडी कचेऱ्या तुम्ही आठवून पाहा. हातभर जाडीच्या भिंती, दीड पुरुष उंचीच्या खिडक्या, चहूबाजूंनी व्हरांडा, आणि छताजवळ दोरी ओढून उघडायची झरोक्याची तावदानं. गरम हवा वर चढून झरोक्यातून निघून जायची, खालून व्हरांड्यातली सावलीतली हवा आत यायची. मे महिन्यात उकडायचं, नाही असं नाही. पण माणसं तिथे बसून पिकांची पैसेवारी काढायची.

मग अशा कचेऱ्यांचं नूतनीकरण झालं. नऊ फुटांवर फॉल्स सिलिंग आलं आणि झरोके त्याच्या वर गाडले गेले. तिथे आता कबुतरांची तिसरी पिढी निर्वेधपणे नांदते आहे. व्हरांड्याला ॲल्युमिनियमची काच बसवून त्यात दोन शाखा थाटल्या. खिडक्यांना प्लायवूड ठोकलं, कारण धूळ येते. मग आत उकडायला लागलं. मग एसीचा प्रस्ताव गेला. प्रस्तावात कारण लिहिलं होतं, ‘इमारत जुनी असल्याने उष्मा जाणवतो.’

नियम असा की 1 जानेवारी 2020 पासून तारांकित एसी कारखान्यातूनच 24 अंशांवर लावून येतात. ब्युरोचा ढोबळ हिशेब सांगतो, तापमान एक अंशाने वर ठेवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. केबिनमध्ये एसी 18 वर. आत फुल बाह्यांचा स्वेटर घातलेले साहेब. मी एकदा विचारलं, आपण चोवीसवर का ठेवत नाही? तिथल्या शिपाईमामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “साहेब, चोवीसवर नायब असतात.” तेव्हा उमगलं की अठरा हे तापमान नाही, वेतनश्रेणी आहे.

पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या केबिनच्या दाराचा आपोआप मिटणारा हात केव्हाचा तुटला आहे. दाराला विटेचा तुकडा लावून ते उघडं ठेवतात. त्यामुळे अर्धा गारवा बाहेर बाकावर बसलेल्या माणसांना मिळतो. सुनावणीला आलेले म्हातारेबुवा त्या वाऱ्यात डुलक्या घेतात. त्या कचेरीतली थेट लाभार्थ्यापर्यंत पोचलेली ही बहुधा एकमेव योजना.

आता गोणीतल्या नळांकडे. पाण्याचा विषय विजेपेक्षा नाजूक, कारण वीज वाया जाताना दिसत नाही आणि पाणी वाया जाताना दिसूनही कुणी बघत नाही. भारतीय मानकाप्रमाणे कार्यालयात माणशी दिवसाला 45 लिटर पाणी धरतात. माणूस म्हणजे कर्मचारी. दाखल्यासाठी, रेशनकार्डासाठी, मोजणीच्या तक्रारीसाठी दिवसभर येणारी गर्दी त्यात नाही. ती गर्दी मात्र येते आणि तिला तहान वगैरे लागते. उलट बाजूने मंजूर पदांपैकी रिकामी पदं 45 लिटरमधला एक थेंबही वापरत नाहीत, ही बचत शासनाने अजून जाहीर केलेली नाही.

नळाच्या तोंडाला बसवायची जाळी, म्हणजे एरेटर, ही खरं तर फार गुणी वस्तू. साधा नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला 10 ते 15 लिटर पाणी जातं. एरेटर पाण्यात हवा मिसळतो. धार भरीव वाटते आणि मिनिटाला 3 ते 6 लिटरमध्ये हात धुऊन होतात. खर्च किरकोळ. तर अशा जाळ्या सगळ्या नळांना बसल्या, आणि दोन दिवसांत अर्ध्या गायब झाल्या. चौकशी झाली. चोर सापडला. सफाईच्या मावशींनी पकडीने काढून डब्यात नीट जपून ठेवल्या होत्या.

“बादली भरायला पाच मिंटं लागत्यात. मी काय करू तवर, भजन म्हणू?” मावशी म्हणाल्या.

मावशींचं बरोबर होतं, आणि चूक टेम्पो पाठवणाऱ्यांची होती. हात धुण्याच्या नळाला जाळी हवी. बादली भरायच्या नळाला ती लावून उपयोग काय? बादलीला पंधरा लिटर लागतात ते लागतातच, धार जाड असो की बारीक. कुठल्या नळाखाली काय ठेवतात, हे ज्या बाईला ठाऊक होतं तिला कुणी विचारलं नव्हतं. उरलेल्या जाळ्या बोअरच्या क्षाराने बुजल्या. महिन्या-दोन महिन्यांनी व्हिनेगरमध्ये बुडवून धुतल्या तर त्या मोकळ्या होतात. पण व्हिनेगर कुठल्या सदराखाली घ्यायचं, असा प्रश्न आला आणि तिथेच तो थांबला.

रावसाहेबांच्या मजल्यावर तर सेन्सरचा नळ बसवला. हात पुढे केला की पाणी, मागे घेतला की बंद. पहिले काही दिवस लोक वरच्या मजल्यावर काम नसताना हात धुवायला जात होते. मग पाणी येईना. हात वर, हात खाली, हात तिरका, दोन्ही हात जोडून, असं करत उभी असलेली माणसं बाहेरून पाहणाऱ्याला आरती चालल्यासारखी वाटायची. कारण साधं होतं. आतले सेल संपले होते. नाझरांनी पत्र लिहिलं. स्थापत्यचं उत्तर आलं, नळ आमचा, सेल हा विद्युत घटक असल्याने विद्युत उपविभागाशी संपर्क साधावा. विद्युतचं उत्तर आलं, सेल नळाच्या आत असल्याने तो नळाचा भाग होय. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी निर्विवाद. चार पेन्सिल सेलची ही फाइल मी स्वतः हातात घेऊन पाहिली आहे. तिचं वजन नळापेक्षा जास्त आहे.

फ्लशचं थोडक्यात सांगतो. साखळी ओढायची जुनी लोखंडी टाकी एका दणक्यात साडेबारा लिटर सोडायची. नव्या टाकीला दोन बटणं, मोठं 6 लिटरचं, छोटं 3 चं. कुठलं कशासाठी, हे मराठीत कुठेही लिहिलेलं नाही. परिणामी प्रत्येकजण तळव्याने दोन्ही दाबतो. एक चिकटपट्टी आणि एक पेन एवढ्या खर्चात हा प्रश्न सुटेल. पण तेवढ्या छोट्या खर्चाचं अंदाजपत्रक होत नाही.

आणि हे सगळं चालू असताना गच्चीवरची टाकी रोज वाहते.

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे 20 लिटर घालवतो. तो आपल्याला टोचतो, कारण टपटप ऐकू येते. गच्चीवरचा फ्लोट अडकला आणि पंप तासभर जास्त चालला, तर मिनिटाला पन्नास लिटरच्या हिशेबाने 3000 लिटर गेले. गळक्या नळाला तेवढं घालवायला पाच महिने मेहनत करावी लागेल. वर पंपाची वीज फुकट गेली ती वेगळीच. टाकी भरल्याचं पहारेकऱ्याला कसं कळतं? खाली लावलेल्या मोटारसायकलींवर पाणी पडायला लागलं की. तेव्हा लोक धावत जाऊन गाडी हलवतात. पंप बंद करायला कुणी धावल्याचं ऐकिवात नाही. पन्नास जाळ्या, एक सेन्सर आणि बारा फ्लश यांनी महिनाभर वाचवलेलं पाणी एका फ्लोटने घालवायचं, हा व्यवहार वर्षानुवर्षं चालू आहे; फ्लोट बदलणं हे काम ‘सुधारणे’त मोडत नाही, ‘दुरुस्ती’त मोडतं, आणि दुरुस्तीचं उद्घाटन होत नाही.

एका ठिकाणी मात्र पाणी वाचतं. पिण्याच्या पाण्याचं आरओ यंत्र एक लिटर शुद्ध करताना दोन-तीन लिटर क्षाराचं पाणी नळीने बाहेर टाकतं. ही नळी गटारात सोडलेली होती. मावशींनी ती वळवून एका निळ्या पिंपात घातली. त्यावर सगळ्या जिन्यांच्या फरश्या पुसल्या जातात. याचा शासन निर्णय नाही, फलक नाही, छायाचित्र नाही. मला वाटतं म्हणूनच ते टिकलं आहे.

गच्चीवर आणखी एक सुधारणा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तिच्यात सरकारी इमारतींच्या छतांवरही सौर पॅनेल बसवायचं ठरलं. आपल्याकडच्या उन्हात 1 किलोवॉटचा संच दिवसाला साधारण 4 युनिट वीज देतो, आणि त्याला शंभर चौरस फूट जागा लागते. ऊन भरपूर होतं. जागा नव्हती. कारण गच्चीवर मोडक्या खुर्च्या, तीन कूलर, जुन्या लोखंडी मतपेट्या आणि एक टंकलेखन यंत्र होतं. या वस्तू फेकता येत नाहीत. त्यांचं निर्लेखन व्हावं लागतं. त्यासाठी समिती लागते. समितीचे एक सदस्य बदलून गेले होते. मग खुर्च्यांना धक्का न लावता पॅनेल उरलेल्या जागेत बसवली, जिथे दुपारी दोननंतर टाकीची सावली येते. ओळीने जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर सावली आली की तिची ओढ सगळ्या रांगेला लागते. दुपारी दोनला इमारतीतला माणूसही मंदावतो, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पॅनेलवरची धूळ पुसायची कुणी, यावर पत्रव्यवहार सुरू आहे. पाऊस आला की पत्रव्यवहार आपोआप निकाली निघतो.

इथवर वाचून सगळे हसतील आणि म्हणतील, सरकारी माणसं अशीच. मी नाही म्हणणार. त्या नाझरांइतका काटकसरी माणूस मी पाहिलेला नाही; पाकिटं उलटी करून पुन्हा वापरतात ते. खोट दुसरीकडे आहे, आणि ती दोन आकड्यांची आहे. 06.

राज्याच्या अंदाजपत्रकात 06 हे शीर्ष ‘दूरध्वनी, वीज व पाणी शुल्क’ यासाठी असतं. त्यात आलेले पैसे बिलालाच लागतात. समजा नाझरांनी जिवाचं रान करून बिल कमी केलं. उरलेल्या पैशांतून ते चार सेल घेऊ शकत नाहीत, फ्लोट घेऊ शकत नाहीत. ती खरेदी 13 खाली, कार्यालयीन खर्चात, आणि तिथे फेब्रुवारीत खडखडाट. उरलेली रक्कम परत समर्पित करायची, नाहीतर 31 मार्चला ती व्यपगत होते. आणि पुढच्या वर्षी? मागच्या वर्षी एवढेच लागले ना, मग तरतूद तेवढीच. शेजारच्या तालुक्याने पंखे दिवाळीभर चालू ठेवले, एसी अठरावर ठेवले, त्यांची तरतूद शाबूत. बचत करून देणाऱ्या खासगी कंपनीला वाचलेल्या बिलातून हप्ता मिळतो. बचत करणाऱ्या कचेरीला मिळतं कात्री लागलेलं अनुदान. नाझर मला म्हणाले, “मी वाचवायला तयार आहे हो. पण वाचवल्याची शिक्षा तरी नको.”

त्याच हिशेबात मंजूर भाराचाही घोळ आहे. दिवे-पंखे बदलल्यावर इमारतीचा जोडलेला भार कागदावर खाली आला. पण करारातला भार जुनाच, त्यामुळे बिलातला त्यावरचा आकारही जुनाच. भार कमी करून घ्यायला वीज कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तो नाझरांनी लिहून ठेवला आहे, पाठवलेला नाही. “कमी करून घेतला आणि नवीन साहेबांनी चार एसी आणले तर?” हा प्रश्न मला खोडता आला नाही. येणारे साहेब चोवीसवाले की अठरावाले, हे आदेश निघेपर्यंत कुणाला सांगता येतं?

त्या कचेरीतली सगळ्यांत मोठी ऊर्जाबचत एका माणसाने करून दाखवली होती आणि ते होते शिपाईमामा. रोज संध्याकाळी सगळे गेल्यावर ते एकेका दालनात डोकावायचे आणि मग जिन्याखालचा मेन स्विच खटकन ओढायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, “बंद नाही केलं तर घरी झोप येत नाही.” सेन्सर नाही, टायमर नाही, कुठल्याही योजनेत बसत नाही. मामा निवृत्त झाले. ते पद भरलेलं नाही. आता बाहेरच्या एजन्सीचा मुलगा येतो आणि दर काही महिन्यांनी मुलगा बदलतो. मेन स्विच तर कुणालाच ओढता येत नाही, कारण मधल्या काळात हजेरीचं यंत्र, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आणि सर्व्हर त्याच स्विचवर जोडले गेले. त्यांच्यासाठी वेगळी लाइन टाकायला हवी. तिचं अंदाजपत्रक विद्युतकडे आहे. भिंत फोडावी लागणार असल्याने ते स्थापत्यकडे गेलं आहे.

14 डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन असतो. त्या दिवशी सभागृहात शपथ होते. माझी शासनाला एवढीच विनंती आहे की त्या दिवशी शपथेऐवजी एक आदेश काढावा: जी कचेरी 06 मध्ये वाचवेल, तिला त्यातले निम्मे पैसे त्याच इमारतीवर, स्वतःच्या सहीने, खर्च करता येतील. पहिल्या वर्षी फ्लोट बदलले जातील. दुसऱ्या वर्षी कपाट हलेल.

तोवर तुमच्यासाठी एक सूचना. कचेरीत दाखल्याला गेलात आणि वाहता नळ किंवा दिवसाढवळ्या पेटलेला दिवा दिसला, तर फोटो काढून गटावर टाकू नका. त्याने फक्त गट तापतो. साधा कागद घ्या, मजला आणि कितवा नळ ते लिहा, दोन प्रती करा, आवक-जावकला द्या आणि एकीवर पोच घ्या. नळ आणि दिवा दोन्ही असतील तर अर्ज मात्र वेगवेगळे करा. एक स्थापत्यला जातो, दुसरा विद्युतला.